मामांचा सॅक्सोफोन आणि माझी त्रेसष्ट कलमं

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी ७.४०.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरून, त्यावर मामांचा सॅक्सोफोन आडवा ठेवून त्याची लांबी मोजत होतो. पट्टी चालत नाही, कारण तो कुठेच सरळ नाही. आईचा शिवणकामाचा टेप घेतला. तिने विचारलं, त्याला सदरा शिवायचाय का? मी मोजत राहिलो. कामाच्या पहिल्याच दिवशी वाद नकोत.

नोंदीसाठी: काल मामांकडे जेवायला होतो. त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीचं, लग्न १६ फेब्रुवारीला आहे. मामा एका मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये बावीस वर्षं सॅक्सोफोन वाजवायचे. हॉटेलने बँड बंद केला, तेव्हा वाद्य पेटीत गेलं आणि पेटी पलंगाखाली. आता मुलीच्या लग्नात एकच गाणं वाजवायचं, एवढी एकच हौस उरली आहे म्हणाले. त्यासाठी ते बाजारामागच्या वर्कशॉपमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे दुरुस्तीला टाकणार होते. मी म्हणालो, मामा, मी असताना पैसे कशाला घालवता?

 मामींनी मामांकडे पाहिलं, मामांनी ताटाकडे. आई म्हणाली, आमच्या घरचा नळ ऑगस्टपासून गळतोय. नळ हा वेगळा विषय आहे, असं मी स्पष्ट केलं. मामेबहीण म्हणाली, द्या हो बाबा, एवढा म्हणतोय तर. शेवटी मामा म्हणाले, बरं भाच्या, घेऊन जा, पण महिनाअखेर माझ्या हातात पाहिजे, सरावाला पंधरा दिवस लागतील. तोंडात धरायचा माउथपीस मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला. पुढचे दात नवे बसवले आहेत, त्यांना सवय करायची आहे.

वाद्य मामांपेक्षा वयाने मोठं आहे, ऐंशीच्या पुढचं. पितळी, खाली घंटेसारखं रुंद तोंड. त्या तोंडावर नाजूक वेलबुट्टी आणि कंपनीचं नाव कोरलेलं.

आमच्या जिन्यात पेटीची कडी आपोआप उघडली आणि वाद्य दोन पायऱ्या खाली गेलं. बुडाशी एक पोचा दिसतो. तो आधीचाच असावा.

संकल्प: रोज दोन तास काम. प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद. कुणाचाही सल्ला घ्यायचा नाही, कामं सल्ल्यानेच बिघडतात.

हे काम पूर्ण होणं मला आवश्यक आहे. शाळा नववीत सुटली. टायपिंगचा कोर्स अर्धा. पोहणंही अर्धं (जाता येतं, परत येता येत नाही). घरात कुठलंही काम रखडलं की माझ्याकडे बघायची पद्धत पडली आहे. १६ फेब्रुवारीनंतर ती मोडेल.

बुधवार, ८ जानेवारी. संध्याकाळी ६.१५.

तपासणी पूर्ण. भिंगातून एकूण त्रेसष्ट दोष सापडले. उदाहरणार्थ, कलम ७: हिरवट डाग, नऊ ठिकाणी. कलम २२: एका चावीचा रंग शेजारच्या चावीपेक्षा फिकट. कलम ४१: वास.

यादी दुकानात टाइप केली. (आमचं झेरॉक्स, टायपिंग आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. म्हणजे मालकांचं आहे, मी तिथे असतो.) मालक मला पूर्णविराम म्हणतात, कारण लोकांच्या अर्जातले सुटलेले पूर्णविराम मी न विचारता घालतो. त्यांनी यादी वाचली आणि विचारलं, पूर्णविराम, हे वाद्य आहे की आरोपी? मग यादीच्या लॅमिनेशनचे तीस कापून घेतले.

गुरुवार, ९ जानेवारी.

मामांचा फोन. कसं चाललंय? मी म्हणालो, तपासणी झाली, त्रेसष्ट निघाले. ते म्हणाले, त्रेसष्ट काय? मी म्हणालो, दोष.  मग म्हणाले, अरे, मागच्या वर्षी मी काढून पाहिला होता, सगळा वाजत होता, खालचा एक सूर तेवढा अडकत होता.

वाजवणाऱ्यांना यंत्राची आतली स्थिती कळत नाही. हा त्यांचा दोष नाही.

रविवार, १२ जानेवारी. सकाळी ९ ते दुपारी ४.

संपूर्ण वाद्य उघडलं. नळीला भोकं असतात, प्रत्येक भोकावर एक वाटीसारखं झाकण, झाकणाच्या आत चामड्याची गादी. तिला पॅड म्हणतात. झाकण घट्ट बसलं की सूर. अशा तेवीस वाट्या आहेत. शिवाय दांड्या, स्क्रू, बारीक स्प्रिंगा.

मोबाइलवर पाहिलेल्या दुरुस्तीच्या व्हिडिओत माणूस सगळे भाग काढलेल्या क्रमाने टेबलावर मांडतो. ही अडाणी पद्धत आहे. कुणी टेबल पुसलं की संपलं. मी प्रत्येक भागाला स्वतंत्र नाव दिलं, नावाची चिठ्ठी सुवाच्य अक्षरात लिहिली, भाग पाकिटात घातला आणि सगळी पाकिटं अकारविल्हे लावली. 'अंगठ्याची दांडी' पहिली, 'हुकासारखा' शेवटचा. आता कुठलाही भाग दहा सेकंदांत सापडतो. आईला प्रात्यक्षिक दाखवलं. 'टोकदार लहान' सात सेकंदांत काढून दाखवला. ती म्हणाली, छान, आता हा कुठे बसतो? मी म्हणालो, तो पुढचा टप्पा आहे.

बुधवार, १५ जानेवारी.

धोरण ठरलं. आधी रूप, मग सूर. बाहेरून चकचकीत झालं की आतलं काम करायला हुरूप येतो.

पॉलिशचे चार डबे आणले. हाताने दोन तासांत फक्त एक वीत जागा झाली. दुकानाशेजारच्या सुताराकडून ड्रिल भाड्याने घेतलं, त्याला लोकरीचं चाक लावलं. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. तपकिरी, मळकट रंग जाऊन आतून नव्या भांड्यासारखं पितळ आलं. कलमं १ ते १८ निकाली.

रविवार, १९ जानेवारी. दुपारी १२.३०.

घंटेचा भाग आज घेतला. तिथे जास्त मळ असल्यामुळे चाक जास्त वेळ धरलं. आरशासारखी झाली आहे. तोंड दिसतं.

दुपारी १.१०. वेलबुट्टी सापडत नाही.

दुपारी १.३०. कंपनीचं नावही सापडत नाही. त्याखाली कोरलेल्या वाद्याच्या नंबराचे पहिले दोन आकडे तेवढे आहेत.

दुपारी २. आईने जेवायला तीनदा हाक मारली. भूक नाही. जुन्या काळचं कोरीवकाम किती उथळ असायचं, याची कल्पना नव्हती.

मंगळवार, २१ जानेवारी.

उपाय सापडला. दुकानातल्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन कंपनीचं नाव पुन्हा कोरलं. पहिल्या दिवशी काढलेला फोटो समोर होता, चुकीला वाव नव्हता. मूळ अक्षरं जरा तिरकी होती, मी सरळ घेतली. शेवटी सवयीने पूर्णविराम पडला. वेलबुट्टीच्या जागी एक पान काढलं. दुसरं पान काढताना हात सरकला, त्याचा देठ नंबरापर्यंत गेला आहे.

मालकांना फोटो दाखवला. म्हणाले, फुटपट्टीवर मुलं नाव कोरतात तसं वाटतंय. मालकांना कलेतलं फारसं कळत नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी. संध्याकाळी ७.

पॅड. जुने सगळे फेकून दिले. बाजारात मिळतात म्हणे, पण वर्कशॉपवाल्यांकडेच मिळतात आणि तिथे जाणं तत्त्वात बसत नाही. आईची जुनी पर्स होती, तिची कातडी अगदी योग्य निघाली. वापरात नव्हती. म्हणजे कपाटात होती.

व्हिडिओत पॅड लाखेने बसवतात. वाटी गरम करायची, लाख वितळते, पॅड इकडे तिकडे हलवून नेमका बसवायचा, चुकला तर पुन्हा गरम करायचा. चुकणार असं आधीच धरून चालणाऱ्यांसाठी ही पद्धत ठीक आहे. मी झटपट चिकटणारा गोंद वापरला. चौदा ट्यूब लागल्या. तेवीसही पॅड दगडासारखे बसले. हलवून पाहिले, हलत नाहीत.

माझी दोन बोटंही एकमेकांना चिकटली होती. पाऊण तासाने सुटली. या नोंदीतलं अक्षर त्यामुळे जरा वेगळं आहे.

शनिवार, २५ जानेवारी.

आईला पर्स सापडली. जी काही उरली होती ती. काय म्हणाली ते लिहीत नाही.

मंगळवार, २८ जानेवारी.

पॉलिश करताना आठ स्प्रिंगा तुटल्या होत्या. स्प्रिंग म्हणजे सुईसारखी पोलादी तार, दुसरं काही नाही. मग सुईच का नको? आईच्या डब्यातल्या लांब सुया घेतल्या, नाकं पक्कडने तोडली. आठही बसल्या. हा शोध माझा आहे. कुठे नोंदवता येतो का, बघायला हवं.

संध्याकाळी ५. आई नवरीच्या ड्रेसला हाताने काठ लावायला बसली होती. सुया नाहीत. तिने सगळं घर पालथं घातलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तुझ्या मामाच्या मुलीचं लग्न आहे, तिचा ड्रेस शिवू की तिच्या बापाच्या भोंग्यात सुया खोचू? मी म्हणालो, तो भोंगा नाही. सुयांच्या तीन पुड्यांचे पैसे द्यावे लागले. चिडचिड होते. घरातल्या कुणालाही कामाचं मोठं चित्र दिसत नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी.

मामांचा फोन, सकाळी ८ वाजता. झालं का रे? मी म्हणालो, फिनिशिंग चालू आहे. ते म्हणाले, आज महिनाअखेर. मी म्हणालो, मामा, घाईने काम केलं तर तुमचंच नुकसान.

ते म्हणाले, अरे, माझी अवस्था बघ. रोज सकाळी नुसता माउथपीस तोंडात धरून फुंकतोय. खालच्या मजल्यावरची बाई काल वर आली, विचारते, तुम्ही बदक पाळलंय का? मामी म्हणते, हो, गेली बत्तीस वर्षं. हसले. मग आवाज उतरला. म्हणाले, दातांना जमतंय रे थोडं थोडं, पण बोटांना काहीतरी धरायला पाहिजे. तुझी बहीण रोज विचारते, बाबा, कुठलं वाजवणार? मी सांगत नाही.

पाच तारीख दिली. पक्की.

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी १०.

बुडाशी असलेल्या पोच्यावर आज काम. तो आतून बाहेर ढकलावा लागतो. आईचा मोठा डाव उलटा करून आत घातला आणि दांड्यावर हातोडीने ठोकलं. पहिल्या चार ठोक्यांत काही नाही. पाचव्याला पोचा गेला.

सकाळी १०.२०. पोचा गेला, पण त्या जागी आता टेंगूळ आहे. आधी आतून खड्डा होता, आता बाहेरून उंचवटा. तत्त्वतः दिशा बरोबर आहे, फक्त अंतर जास्त झालं.

सकाळी १०.४५. टेंगूळ बाहेरून ठोकताना शेजारचा खांब निखळला. दांड्या ज्याच्यात अडकतात तो छोटा पितळी खांब. सोल्डर जुनं होतं, कधीतरी सुटणारच होतं. बरं झालं, माझ्यासमोर सुटलं.

डाव आत अडकला आहे.

दुपारी ३. निघाला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

नाक्यावरच्या रेडिएटरवाल्याकडे गेलो. तो ट्रकचे रेडिएटर झाळतो, पितळेचा त्याला चांगला अनुभव आहे. वाद्य पाहून म्हणाला, ही कुठल्या गाडीची? मी समजावून सांगितलं. म्हणाला, असू दे, पाणी गळणार नाही एवढं बघतो. केवढी तरी मोठी ज्योत पेटवली. मी म्हणालो, जरा हळू. तो म्हणाला, भाऊ, रेडिएटरला कधी हळू लागलंय?

खांब पक्का बसला आहे. थोडा तिरका. भोवती तळव्याएवढा काळा-जांभळा डाग. शिवाय उष्णतेने शेजारचे दोन खांब आपोआप सुटले, तेही त्याने त्याच पैशांत बसवून दिले. दीडशे.

बुधवार, ५ फेब्रुवारी.

मामांनी फोन केला. मी दुकानात नाही असं मालकांना सांगायला लावलं. मालक फोनवर म्हणाले, तो इथे नाही असं तो सांगतोय.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ११.

जोडणी. तीन दिवस चालू आहे. नावं आणि जागा यांचा मेळ बसत नाही. 'टोकदार लहान' नावाचा भाग कुठे जातो, हे त्याच्या नावावरून अजिबात सूचित होत नाही. ही नावं ठेवताना कोणी विचार केला होता, असा प्रश्न पडतो.

दुपारी २. जोडून पूर्ण. अकरा पाकिटं शिल्लक. जुन्या वाद्यांत अनावश्यक भाग बरेच असत, असं वाचल्यासारखं वाटतं.

दुपारी ३.३०. गळती तपासणी. नळीत बारीक दिवा सोडायचा, अंधारात झाकणं दाबायची, कडेने उजेड दिसला तर हवा गळते. दुपारी अंधार कुठून आणणार, म्हणून सॅक्सोफोन आणि टॉर्च घेऊन आईच्या कपाटात बसलो. दार लावून घेतलं. उजेड दिसला. किती झाकणांतून, ते मोजता आलं नाही, कारण सगळं कपाट उजळलं होतं. ड्रेसवरचे खडे चमकत होते.

आईने कपाट उघडलं. तिच्याबरोबर शेजारीण होती, नवरीचा ड्रेस बघायला आलेली. ड्रेसखाली मी. शेजारीण म्हणाली, येते मी नंतर.

पॅड सैल करून पुन्हा बसवावे लागतील. गोंद सुटत नाही. गरम केलं, सुटत नाही. सुरीने काढायचा प्रयत्न केला, कातडी फाटते, गोंद तसाच. पंधरा मिनिटं नुसता बसून राहिलो. हे कुठल्याच कलमात नव्हतं.

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी ९.२०.

मामा न सांगता आले. खिशात रुमालात गुंडाळलेला माउथपीस. आई म्हणाली, दादा, चहा ठेवते. ते म्हणाले, आधी बाळाला बघू दे.

मी वाद्य समोर ठेवलं आणि म्हणालो, मामा, चमक बघा. त्यांनी बघितली. उचललं, घंटेवर अंगठा फिरवला, जिथे वेलबुट्टी होती तिथे. पुन्हा फिरवला. चष्मा काढून पुसला, घातला, माझी अक्षरं वाचली. पूर्णविरामापर्यंत.

माउथपीस बसवला. तो बसेना, कारण मानेवरचा कॉर्कही मी पॉलिश करताना काढला होता. रुमालाची कड गुंडाळून बसवला. फुंकलं.

सायकलच्या ट्यूबमधून येतो तसा आवाज आला. सगळ्या भोकांतून एकदम. एक सुई निसटून माझ्या चहाच्या कपात पडली. मामांनी पुन्हा फुंकलं, गाल लाल होईपर्यंत. मग बोटं चाव्यांवर फिरवली, एकेक, सावकाश. दोन चाव्या वर आल्या नाहीत. त्या त्यांनी बोटाने उचलून जागेवर ठेवल्या.

मी म्हणालो, मूळ अवस्थाच फार वाईट होती. ते माउथपीस काढून रुमालात गुंडाळू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं, माझी उत्तरं तयार होती. पेटीत ठेवताना त्यांनी कडी दोनदा लावून पाहिली. आईला म्हणाले, चहा राहू दे. मला म्हणाले, उद्या सुट्टी काढ, वर्कशॉपला जायचंय. तू पण ये. तूच सांग त्यांना काय काय केलंयस.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला वाद्यं टांगलेली, खिडकीशी टेबल, टेबलावर भाग मांडलेले. काढलेल्या क्रमाने. म्हाताऱ्यांनी पेटी उघडली आणि मामांना विचारलं, काय हो, पुरात गेला होता का?

मामा म्हणाले, भाच्याकडे गेला होता.

मी लॅमिनेट केलेली यादी पुढे केली. त्यांनी ती लांब धरून शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, अक्षरन् अक्षर शुद्ध आहे. मग विचारलं, उघडण्याआधी वाजवून पाहिला होतास?

मी म्हणालो, माउथपीस मामांकडे होता.

ते म्हणाले, मागितलास?

मी म्हणालो, मला वाजवता येत नाही.

ते म्हणाले, मामांना येत होतं ना?

मी यादी त्यांच्या हातून घेऊन टेबलावर उलटी ठेवली.

मग त्यांनी बुडाचा भाग उजेडात धरला. टेंगळाभोवती पोच्याची कड अजून शिल्लक आहे. जुना पोचा असला तर घडीत काळं साचलेलं असतं, ही घडी कोरी आहे, म्हणाले. हा कधी पडला? मामा माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं: पाच जानेवारीला, आमच्या जिन्यात, माझ्या हातून. पेटीची कडी मी लावली नव्हती. मामा म्हणाले, अरे, तेव्हाच सांगायचंस. एवढंच.

मामांना विचारून आणि माझी यादी बघून म्हाताऱ्यांनी कागदावर दोन रकाने आखले. पहिल्यात 'आधीचं': एक पॅड फाटका, एक स्प्रिंग, मानेचा कॉर्क. अर्ध्या दिवसाचं काम. दुसऱ्या रकान्याचं लेखन बराच वेळ चाललं. मागच्या बाजूलाही गेलं.

मामांनी विचारलं, सोळा तारखेपर्यंत? म्हातारे हसले नाहीत. म्हणाले, एप्रिल धरा.

मामा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथे काही बघण्यासारखं नव्हतं, समोर गोदामाची भिंत आहे. म्हातारे मला हळू म्हणाले, बावीस वर्षं दर सहा महिन्यांनी हा माणूस वाद्य घेऊन यायचा, आणि माझं काम होईपर्यंत त्या स्टुलावर बसून राहायचा. घरी जायचा नाही. मग त्यांनी भिंतीवरून एक सॅक्सोफोन काढला. कुणा विद्यार्थ्याचा, नवा, चकचकीत. मामांना म्हणाले, लग्नापुरता घेऊन जा.

सराव: पाच दिवस.

रविवार, १६ फेब्रुवारी. दुपारी ४.

हॉलच्या मागच्या खोलीत लिहितो आहे. दुसरीकडे बसायला जागा नाही. म्हणजे आहे, पण सगळे ओळखतात.

मामा स्टेजवर गेले. नवरी पहिल्या रांगेत, आईने काठ लावलेल्या ड्रेसमध्ये. मामांनी माइक घेतला आणि म्हणाले, मंडळी, माझा स्वतःचा सॅक्सोफोन माझ्या भाच्याने दुरुस्त केला, म्हणून आज हा दुसऱ्याचा मागून आणलाय.

तीनशे माणसं हसली. मालकांनाही बोलावलं होतं, ते हसायचे सर्वांत शेवटी थांबले.

गाणं वाजलं. दुसऱ्या ओळीत दात सरकला असावा, एकदम बदक ओरडलं. मामी मोठ्याने म्हणाल्या, हेच ते! पुन्हा हशा. मामाही हसले, थांबले, सुरुवातीपासून परत घेतलं. या वेळी सरळ गेले. नवीन वाद्यावर त्यांची करंगळी दोनदा चुकीच्या जागी गेली, कारण त्यांच्या वाद्यावर ती चावी जरा खाली आहे. हॉलमध्ये हे फक्त मला कळलं. ती चावी मी तीनदा बसवली होती.

नवरी रडत होती. हसतही होती. गाणं संपल्यावर मामा खाली आले, माझ्या हातात तो विद्यार्थ्याचा सॅक्सोफोन दिला आणि म्हणाले, पेटीत ठेव, फक्त ठेव.

कडी लावली. तीनदा तपासली.

रविवार, २३ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

सकाळपासून वर्कशॉपमध्ये होतो. म्हाताऱ्यांची अट आहे: गोंद तू लावलास, तूच काढ. दर रविवारी. एक वाटी, एक बोथट पाती, वाटीला ओरखडा न येऊ देता खरवडायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही. स्टुलावर मामा बसले होते. दिवसभर.  एकदा म्हणाले, हळू. एकदा म्हणाले, बरोबर.

संध्याकाळपर्यंत चार वाट्या झाल्या. एकोणीस राहिल्या.

हिशेब:

पॉलिश, चार डबे: ३४०
ड्रिलचं भाडं: २००
गोंद, चौदा ट्यूब: २८०
सुया, तीन पुड्या: ९०
रेडिएटरवाला: १५०
यादीचं लॅमिनेशन: ३०
एकूण खर्च: १,०९०

वर्कशॉपचं बिल: ११,४००. मामांनी भरलं.
त्यातलं 'आधीचं': ६००. ते माझ्याकडून घेणार नाहीत म्हणाले.
मामांना देणं: १०,८००. दरमहा ६०० प्रमाणे अठरा महिने.
आईला देणं: एक पर्स. किंमत विचारली, ती सांगत नाही.

कोरीवकामाचा आकडाही टाकायचा म्हणून म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, ते गेलं, त्याला आकडा नसतो. रकाना आखला होता, रिकामा ठेवला आहे.